कोल्हापूर रेल्वे स्थानक: ये-जा, व्हीलचेअर, सवलती आणि आजूबाजूचा परिसर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरजेच्या पॅसेंजरनं रोज ये-जा करणारे, आई-वडिलांना कोल्हापुरात दवाखान्यासाठी आणणारे आणि अंबाबाईच्या दर्शनाला पहिल्यांदाच येणारे, अशा तीन प्रकारच्या लोकांकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गाड्यांच्या वेळा मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या बदलतात, आणि जुनी वेळ वाचून कुणाची गाडी चुकायला नको.

१. तिकिटावर ‘श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस’ असं छापलंय. हे कोल्हापूरच ना?

हो, हेच. शहरात मोठं स्टेशन एकच आहे आणि रिक्षावाल्याला नुसतं ‘स्टेशन’ म्हटलं तरी पुरतं. आरक्षणाच्या ॲपमध्ये कोल्हापूर शोधून सापडलं नाही तर के-ओ-पी हा स्थानकाचा कोड टाका. मार्गावर ‘गूळ मार्केट’ असं नाव दिसलं तर गोंधळू नका. तिथे उतरायचं नसतं.

२. कोल्हापूरच्या पुढे गाडी का जात नाही?

रूळ इथेच संपतात म्हणून. मिरज–कोल्हापूर मार्ग संस्थानानं बांधला. १८८८ मध्ये राजर्षी शाहूंच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. पुढे १८९५ मध्ये महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाला पेठ आणि रेल्वे दोन्ही हाताशी आली. स्टेशन आज भर वस्तीत का, याचं उत्तर यातच आहे. १९७१ पर्यंत हा मार्ग मीटरगेज होता. कोकणात उतरणारा कोल्हापूर–वैभववाडी मार्ग मंजूर आहे, पण त्यावरून गाडी धावायची आहे.

शेवटचं स्टेशन असण्याचा एक फायदा मात्र फार थोडे लोक घेतात. इथून सुटणारी गाडी फलाटावर आधीच लागलेली असते. रुकडीला किंवा वळिवड्याला गाडी मिनिटभर थांबते आणि म्हाताऱ्या माणसाला अक्षरशः ढकलून चढवावं लागतं. कोल्हापुरात तसं करायची गरज नाही. ज्यांना चढायला वेळ लागतो त्यांनी गाडी सुटण्याच्या निदान अर्धा-पाऊण तास आधी यावं. या पानावरचा सगळ्यात उपयोगी सल्ला हाच.

३. मिरजेपर्यंत मध्ये कोणती स्टेशनं लागतात?

वळिवडे, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव-तमदलगे, जयसिंगपूर आणि मग मिरज. अंतर पन्नास किलोमीटरच्या आतलं आहे. पॅसेंजर सगळीकडे थांबते, एक्सप्रेस मोजक्या ठिकाणी. नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्यांनी कोल्हापूरपर्यंत येऊन परत फिरू नये. जयसिंगपूर किंवा मिरजेला उतरलेलं सोयीचं.

४. एसटी स्टँडवरून स्टेशन किती लांब? चालत जाता येईल का?

मध्यवर्ती बसस्थानक म्हणजे आपलं सीबीएस, तिथून स्टेशन पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. धडधाकट माणसाला रिक्षाची गरज नाही. व्हीलचेअर, वॉकर किंवा चाकांची मोठी बॅग असेल तर मात्र रिक्षाच करा, कारण फूटपाथ सलग नाही. कुठे टपरी, कुठे लावलेली दुचाकी, कुठे गटारावरची जाळी. जाळीच्या पट्ट्या चालायच्या दिशेला समांतर असतील तर व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं नेमकी फटीत बसतात आणि खुर्ची जागच्या जागी अडकते. अशा वेळी खुर्ची उलटी फिरवून मागची मोठी चाकं आधी पार करायची. हे ढकलणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

एक सावधगिरी: सगळ्या एसटी सीबीएसवरून सुटत नाहीत. गगनबावड्याकडच्या बऱ्याच गाड्या रंकाळा स्टँडवरून, तर राधानगरी-गारगोटीकडच्या संभाजीनगर स्टँडवरून असतात. रेल्वेनं येऊन पुढे त्या बाजूला जायचं असेल तर स्टेशनवरून थेट त्या स्टँडची रिक्षा करा.

५. राजारामपुरीतून स्टेशनला यायचा सोपा रस्ता कोणता?

अंतर पाहिलं तर राजारामपुरी स्टेशनच्या पाठीलाच आहे, पण मध्ये रूळ आडवे येतात. नेहमीचा रस्ता परिख पुलाखालून. हा ‘पूल’ म्हणजे रेल्वे वरून जाते आणि आपण खालून, अशी ठेंगणी वाट आहे. गाडीतून यायला ठीक, पण पायी, आणि त्यातही काठी किंवा व्हीलचेअर घेऊन, ही वाट आम्ही कुणाला सुचवत नाही. जागा अरुंद आहे, वाहनं अंगावरून जातात आणि जोराचा पाऊस झाला की खाली पाणी साठतं. पावसाळ्यात राजारामपुरीतून निघणाऱ्यांनी लांबच्या वळशाचा वेळ हाताशी ठेवावा, कारण पुलाखाली पाणी आलं की सगळी वाहतूक एकदम दुसऱ्या रस्त्यांवर वळते आणि तेही तुंबतात.

रिक्षा सांगताना नुसतं ‘राजारामपुरी’ म्हणू नका, गल्लीचा नंबर सांगा. पहिली गल्ली आणि बारावी गल्ली यांत बराच फरक पडतो.

६. सगळेच रूळ ओलांडून जातात. आम्ही गेलो तर काय बिघडलं?

रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचं सोडा. विजेवरची गाडी आवाज न करता येते, आणि शेवटचं स्टेशन असल्यानं रिकामे डबे आणि इंजिनं मागे-पुढे होत असतात, त्यांचं वेळापत्रक कुठल्या फलकावर नसतं. लोक रूळ का ओलांडतात हे आम्हाला कळतं. वळसा मोठा आहे आणि त्याबद्दलची तक्रार रास्त आहे. ती करावी (प्रश्न १९), आणि तोवर वळसा घालावा.

७. व्हीलचेअर मिळते का? पैसे पडतात का?

स्टेशनवरची व्हीलचेअर विनामूल्य असते आणि ती स्टेशन मास्तरांच्या कार्यालयातून मिळते. ढकलायला रेल्वेचा सहायक (आपण हमाल म्हणतो तो) घेतला तर त्याचे पैसे वेगळे. आधी ठरवून घ्या. ओळखपत्र सोबत ठेवा.

खरी अडचण वेगळीच आहे. खुर्ची आत असते आणि माणूस बाहेर रिक्षात असतो. म्हणून दोघांनी यावं: एकानं रिक्षातच थांबावं, दुसऱ्यानं आत जाऊन खुर्ची आणावी. एकटेच येणार असाल तर निघण्याआधी १३९ या रेल्वेच्या हेल्पलाइनवर फोन करून सांगून ठेवा.

स्वतःची घडीची खुर्ची असेल तर रिक्षात पायटे (पाय ठेवायच्या पट्ट्या) काढून, घडी करून, सीटच्या पुढ्यात उभी बसते. मागच्या डिकीत कोंबायचा हट्ट करू नका, चाकाची रिंग वाकते.

८. रॅम्प आहे म्हणतात. मग व्हीलचेअर थेट डब्यात जाईल का?

नाही. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर.

रॅम्प तुम्हाला रस्त्यावरून फलाटावर आणतो. फलाटावरून डब्यात जायला पायऱ्याच आहेत. आपल्याकडे उंच फलाट म्हणजे रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर. डब्याची जमीन असते साधारण १.३ मीटरवर. म्हणजे फलाट चांगला उंच असला तरी साधारण दीड फूट वर चढायचं राहतं, आणि मधली फट वेगळीच. रोज चढणाऱ्याला ते जाणवत नाही. गुडघे गेलेल्या आजीला ते दाजीपूरच्या घाटासारखं वाटतं.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे, स्टेशनवर उचलता येणारा रॅम्प आहे का आणि तो कुठे ठेवलाय हे स्टेशन मास्तरांना आधीच विचारा. गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधी विचारून उपयोग नसतो. दुसरं, उचलून चढवायचंच असेल तर माणसाला खुर्चीसकट उचलू नका. दारात एक माणूस वर, दोन खाली. वरचा काखेतून धरतो, खालचे मांड्यांखालून आधार देतात. खुर्ची नंतर. तिसरं, ज्यांना थोडंफार चालता येतं त्यांनी चढताना चांगला पाय आधी टाकावा आणि उतरताना दुखरा पाय आधी, तोंड डब्याकडे ठेवून. उतरताना पाठमोरं उतरणं विचित्र दिसतं, पण दांडा दोन्ही हातांत राहतो.

लहान स्थानकांवर थांबा मिनिटभराचा असल्यानं तिथे हे सगळं जमत नाही. रुकडी किंवा हातकणंगल्याच्या माणसानं पेशंटला घेऊन कोल्हापूरला रिक्षानं येऊन इथून लांब पल्ल्याची गाडी पकडलेली बरी.

९. दिव्यांगांचा डबा कुठे असतो?

बहुतेक एक्सप्रेस गाड्यांत तो गार्डच्या डब्यालाच जोडलेला असतो, म्हणजे गाडीच्या टोकाला. दार रुंद, आत व्हीलचेअरला जागा आणि मोठं स्वच्छतागृह. बाहेर खुर्चीचं चिन्ह रंगवलेलं असतं. वंदे भारतमध्ये व्हीलचेअरची जागा टोकाच्या डब्यांत असते.

आता मिरजेची गंमत. कोल्हापूर आणि सांगली हे दोन्ही मार्ग मिरजेत एकाच बाजूनं येऊन मिळतात. त्यामुळे कोल्हापूरहून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या गाडीची मिरजेत दिशा उलटते आणि इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं. इथे पुढे असलेला डबा पुण्यात मागे असतो. न्यायला येणाऱ्या मुलाला ‘आमचा डबा पुढे आहे’ असं कोल्हापुरातून फोनवर सांगितलंत तर तो पुण्यात फलाटाच्या भलत्या टोकाला उभा राहील. डब्याचा नंबरच सांगा. तिरुपतीकडे जाणाऱ्या हरिप्रियेची दिशा मिरजेत बदलत नाही.

या डब्यात इतर प्रवासी बसले असतील तर आधी विनंती करा, नाही ऐकलं तर १३९. राखीव डब्यात घुसणं कलम १५५ खाली दंडाला पात्र आहे.

१०. मला दिसत नाही आणि मी एकटाच प्रवास करतो. काय लक्षात ठेवू?

पायाखालच्या पिवळ्या उठावदार फरशा वाचायला शिका. लांब रेघा म्हणजे सरळ चला, गोल ठिपके म्हणजे थांबा: वळण, जिना किंवा फलाटाची कड जवळ आहे. दुर्दैवानं याच पट्टीवर पार्सलची पोती आणि झोपलेली माणसं असतात, त्यामुळे काठी नेहमीसारखी फिरवत राहा, पट्टीवर आंधळा भरवसा ठेवू नका. नव्या डब्यांत सीटचा नंबर ब्रेलमध्येही असतो. घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होतात. गाडीचा नंबर पाठ असेल तर गोंगाटात तोच आधी कानावर पडतो.

११. ऐकू येत नाही, १३९ वर बोलणार कसं?

रेलमदद ॲपवर लिहून तक्रार किंवा विनंती करता येते, फोटो जोडता येतो. फलाट ऐनवेळी बदलला तर ती घोषणा तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून दर्शक फलकाच्या नजरेच्या टप्प्यात बसा.

१२. दिव्यांगांना तिकिटात किती सवलत? मदतनीसाचं काय?

सवलत चार प्रकारांत आहे: सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग, बौद्धिक अक्षमता असलेले, पूर्ण अंध, आणि पूर्णपणे मूकबधिर. पहिल्या तीन प्रकारांना सेकंड क्लास, स्लीपर, चेअर कार आणि थर्ड एसीत ७५ टक्के, सेकंड एसी आणि फर्स्ट एसीत ५० टक्के. राजधानी-शताब्दीत हिशेब वेगळा. सोबतच्या एका मदतनीसाला तेवढीच सवलत. मूकबधिर प्रवाशांना ५० टक्के. मासिक आणि त्रैमासिक पासावर ५० टक्के.

यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातला सरकारी डॉक्टरांचा दाखला लागतो. कोल्हापूरकरांसाठी म्हणजे बहुधा सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय). त्यावरून रेल्वेचं स्वतःचं ओळखपत्र निघतं. आपला विभाग पुणे. अर्ज ऑनलाइन करता येतो. ओळखपत्र आलं की त्याच्या नंबरावर घरबसल्या सवलतीचं तिकीट काढता येतं, खिडकीसमोर उभं राहावं लागत नाही.

१३. माझ्याकडे ४० टक्क्यांचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे, तरी सवलत नाकारली. आणि भावाच्या पायाला प्लास्टर आहे, त्याला मिळेल का?

पहिल्याचं उत्तर: टक्के आणि रेल्वेची सवलत यांची सांगड थेट बसत नाही. रेल्वे वरच्या चार प्रकारांत बसता का एवढंच पाहते. एका पायात दोष असूनही एकटं फिरता येत असेल, तर एसटीत सवलत मिळेल पण रेल्वेत नाही. हे अन्यायाचं वाटतं, आणि आमच्या मते आहेही, पण खिडकीवरच्या क्लार्कशी भांडून ते बदलणार नाही.

दुसऱ्याचं: प्लास्टरवाल्याला सवलत नाही, पण व्हीलचेअर नक्की मिळते. गरज दिसत असताना दाखला मागितला जात नाही.

१४. एसटीत ७५ वर्षांपुढे फुकट, मग रेल्वेत ज्येष्ठांना काहीच का नाही?

एसटीची योजना राज्य सरकारची आहे: ६५ ते ७५ वयाला निम्मं तिकीट, त्यापुढे मोफत, आणि महिलांना निम्मं. रेल्वे केंद्राची. तिथे ज्येष्ठांची सवलत २० मार्च २०२० पासून बंद आहे, आणि त्यानंतर सवलत उरली ती चार प्रकारचे दिव्यांग, अकरा प्रकारचे रुग्ण आणि विद्यार्थी यांनाच. खालच्या बर्थचा कोटा मात्र चालू आहे: ६० वर्षांवरचे पुरुष, ४५ वर्षांवरच्या महिला आणि गरोदर महिला. तिकीट काढताना वय बरोबर भरा, आणि एका तिकिटावर सगळं कुटुंब घालू नका. दोनपेक्षा जास्त माणसं किंवा सोबत तरुण मंडळी असली की हा कोटा लागू होत नाही.

१५. आईला डब्यात बसवून परत यायचंय. मलाही तिकीट लागेल?

प्लॅटफॉर्म तिकीट लागेल: दहा रुपये, दोन तास. गर्दीच्या दिवसांत रेल्वे प्लॅटफॉर्म तिकिटं थांबवू शकते. नवरात्र आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेत हे ध्यानात ठेवा. आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाला सोडायला आलोय असं सांगून बघावं, पण हक्क म्हणून मागता येत नाही. रांगेत उभं राहायचं नसेल तर घरून निघतानाच मोबाइलवर काढा. आवारात पोचल्यावर ॲप साधं तिकीट देत नाही, तिथला क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो.

१६. पासवर महालक्ष्मी किंवा कोयना एक्सप्रेसमध्ये बसता येतं का?

अनारक्षित डब्यात. आरक्षित डब्यात पास चालत नाही, ‘मिरजेपर्यंतच जायचंय’ म्हटलं तरीही. वंदे भारतमध्ये पासाचा प्रश्नच येत नाही.

१७. पावसाळ्यात मिरज–कोल्हापूर गाड्या बंद होतात, ते कधी कळतं?

राजाराम बंधाऱ्याची पातळी पाहात राहा. इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ फुटांवर. ४३ ओलांडलं म्हणजे लगेच गाडी बंद होते असं नाही, पण पाणी वाढतच राहिलं की रुकडीजवळचा पंचगंगेवरचा पूल आणि त्याच्या आसपासचा मार्ग हा दुखरा भाग. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात रेल्वे बंद पडली आणि शिरोलीला महामार्गही. अशा वेळी गाड्या मिरजेपर्यंतच येतात आणि पुढचा रस्ताही बंद असू शकतो. डायलिसिससारखी ठरलेली तारीख असणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये पाणी चढताना एक दिवस आधीच कोल्हापुरात मुक्कामाला यावं. शाहूपुरीत स्टेशनला लागून लॉज भरपूर आहेत. खोली तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेली मागा.

१८. गाडीला तीन तास आहेत. अंबाबाईचं दर्शन होईल का?

एरवी होईल. मंदिर शहराच्या पेठांत आहे, रिक्षानं जवळच. मीटर टाकायला सांगा. केएमटी (शहर बस) किंवा वडापनंही (खासगी शेअर गाडी) जाता येतं, पण सामान आणि म्हातारं माणूस सोबत असताना वडापच्या नादी लागू नका. शुक्रवारी, सुट्टीला आणि नवरात्रात तीन तासांचा भरवसा धरू नका.

१९. लिफ्ट चालू आहे का? तक्रार कुठे करायची?

स्थानक अमृत भारत योजनेत आहे आणि अशी कामं चालू असताना वाटा, दारं, पार्किंग हलत राहतात. म्हणून लिफ्ट किंवा सरकत्या जिन्यासाठी महिनाभरापूर्वीच्या माहितीवर विसंबू नका. निघायच्या दिवशी विचारा. दिव्यांगांच्या स्वच्छतागृहाला कुलूप दिसलं तर स्टेशन मास्तरांकडे किल्ली मागा.

तक्रार रेलमददवर, फोटोसह आणि नेमकी जागा लिहून. ‘सोयी नाहीत’ असं लिहिलं की ‘नोंद घेतली’ असं उत्तर येतं. ‘रॅम्पच्या तोंडाशी दुचाकी लावलेल्या होत्या, व्हीलचेअर वर नेता आली नाही’ असं वेळेसह लिहिलं की निदान कुणालातरी तिथे जावं लागतं. स्टेशनबाहेरचा फूटपाथ, गटार, टपऱ्या हे रेल्वेचं नाही, महापालिकेचं काम. चुकीच्या दारात ठोठावून महिना जातो.

२०. वडिलांना वंदे भारतमध्ये बसवायला आत गेलो आणि दार बंद झालं तर?

असं होतं. दारं आपोआप बंद होतात आणि तुमच्यासाठी उघडत नाहीत. साखळी शोधत बसू नका. विनाकारण गाडी थांबवणं कलम १४१ खाली वेगळा गुन्हा. डब्यातल्या तिकीट तपासनिसाला स्वतःहून गाठा, प्लॅटफॉर्म तिकीट दाखवा आणि पुढच्या थांब्यावर उतरतो म्हणून सांगा. तेवढ्या प्रवासाचं भाडं आणि दंड भरावा लागू शकतो, तिथे वाद घालू नका. उतरलात की खिडकीवर कोल्हापूरचं नवं तिकीट काढा आणि मगच परतीच्या पॅसेंजरमध्ये बसा, नाहीतर एकाच दिवसात दोनदा दंड.